न दिसणे आणि नसणे : बारामती-इंदापूरच्या माळावरील वनस्पती-सर्वेक्षणाची चिकित्सा

एखाद्या ठिकाणी खाण काढण्याचा प्रस्ताव आला म्हणजे तेथे दुर्मिळ वनस्पती आहेत काय, असा प्रश्न विचारला जातो. आणि 'आढळल्या नाहीत' या उत्तरावर तो बहुधा मिटतो. या उत्तराचे तर्कमूल्य तपासणे अगत्याचे आहे. भाट्ट मीमांसकांनी व अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धि हे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु त्याला योग्यतेची अट घातली. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून अभाव सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून तेथे घट नाही असे ठरत नाही. सर्वेक्षण-अहवालांची परीक्षा याच कसोटीवर झाली पाहिजे.

बारामती व इंदापूर हे तालुके या परीक्षेस विशेष योग्य आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश; वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, आणि त्यात सप्टेंबरचा वाटा मोठा. कालव्याखालचा ऊसपट्टा मागे पडला की माळ लागतो : खाली बेसॉल्टचा कातळ, त्यावर मुरूम, मुरुमावर मातीचा पातळ थर, आणि त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते, मधूनमधून हिवर व तरवड. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य (५.१४ चौ. कि. मी.) १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी राखले गेले, कडबनवाडीचा माळही चिंकाऱ्यांसाठीच परिचित आहे. माळाची दखल घेतली गेली ती प्राण्यांमुळे. त्याच्या वनस्पतींमुळे क्वचितच. एरवी अशी जमीन 'पडीक' ठरते, आणि दगड व मुरूम या गौण खनिजांचे खाणपट्टे अशाच जमिनीवर मागितले जातात.

माळावरील अनेक वनस्पतींचे आयुष्य मातीखाली जाते. कंदीलपुष्पाच्या (सेरोपेजिया) वंशातील कंदधारी जाती, जमिनीवर उगवणाऱ्या आमरी, दीपकाडीसारखे कंदवर्गीय, या साऱ्या पावसाळ्यात काही आठवडे वर येतात, फुलतात आणि पुन्हा कंदरूपाने लुप्त होतात. पावसाने ओढ दिली तर त्या वर्षी फूल येतेच असे नाही. आणि फुलावाचून जातीची ओळख निश्चित करणे कठीण. आता केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणप्रकल्पांसाठी २०१५ मध्ये प्रसृत केलेली प्रमाण अभ्यासकक्षा पाहावी. तीत हवा, पाणी, ध्वनी व माती यांच्याबरोबर वनस्पती व प्राणी यांचीही मूळ माहिती पावसाळा वगळून एका ऋतूत गोळा करावी, असे सांगितले आहे. धूलिकणांच्या मोजणीस पावसाळा गैरसोयीचा, हे खरे. पण धुळीला सोयीचा ऋतू कंदाला लावला गेला. मार्च ते मे या काळात केलेले माळाचे सर्वेक्षण म्हणजे अंधाऱ्या खोलीतील घटाचा शोध होय. शिवाय २००६ च्या अधिसूचनेनुसार 'ब-२' वर्गातील प्रकल्पांना सविस्तर आघात-अहवालाची आवश्यकता नसते, आणि लहान गौण-खनिज खाणी बहुधा याच वर्गात मोडतात. तेथे खोलीत डोकावण्याचाही प्रश्न उरत नाही.

म्हणून 'आढळली काय' या प्रश्नाआधी 'वाढू शकेल काय' हा प्रश्न आला पाहिजे. त्याचे उत्तर जागेच्या परीक्षणातून मिळते : मातीची खोली, मुरुमाचा पोत, उतार, पाणी किती दिवस साचते, चराई व वणवा यांचा इतिहास, आणि जवळच्या तशाच माळावरील ज्ञात नोंदी. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यावरील ग्रंथाचा (१९०१ ते १९०८) आणि पुण्यातील वनस्पतिसंग्रहांचा येथे उपयोग आहे. मात्र जुन्या संग्राहकांना खंडाळा-महाबळेश्वरची ओढ अधिक होती, हे विसरता कामा नये. नोंद नाही याचा अर्थ कित्येकदा तेथे कोणी गेले नाही, एवढाच असतो.

अशा परीक्षणातून नकारही निघू शकतो, आणि तो सकारण असतो. शिवनेरीवरील शिंदळमाकुडी (फ्रेरिया इंडिका) ही पुणे जिल्ह्यातील प्रसिद्ध दुर्मिळ वनस्पती. परंतु ती उभ्या कड्यांच्या खाचांत वाढते. इंदापूरच्या सपाट माळावर तसा कडा नसेल, तर तिचा संभव नाही असे निःशंकपणे लिहावे. अशा परीक्षणाने कोणतीच खाण निघणार नाही, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. जेथे संभव नाही तेथे मार्ग लवकर मोकळा होईल. जेथे संभव आहे तेथे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, शक्य तर लागोपाठ दोन वर्षे, शोध घ्यावा लागेल.

रोपे अन्यत्र हलवावीत, हा दुसरा उपाय सुचविला जातो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पांच्या संवर्धनाचे मोलाचे कार्य झाले आहे. तथापि ज्या चिमुकल्या माशा फुलाच्या नळीत काही काळ अडकून परागण घडवितात, त्यांचा माळ कुंडीतून नेता येत नाही. आणि जे आढळलेच नाही, ते हलवायचे तरी कसे?

मुरुमाची खाण प्रथम काढून टाकते तो थर कंदांचा असतो. चुकीचा नकार नंतरच्या पावसाळ्यात दुरुस्त करता येत नाही, कारण तेव्हा उगवायला काही उरलेलेच नसते. म्हणून सिद्धतेचा भार 'नाही' म्हणणाऱ्यावर आहे. आणि अहवालातील 'आढळली नाही' या शब्दांपुढे कोणत्या महिन्यात, किती दिवस आणि किती पावसानंतर, हे लिहिलेले नसेल, तर ते वाक्य प्रमाण म्हणून स्वीकारता येणार नाही.