येथे थुंकू नये

आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात जी पाटी हमखास आढळते, तिच्याशी मिळतेजुळते शीर्षक एका इंग्रज लेखकाने फ्रान्समधल्या वाइनच्या तळघरांवरील आपल्या लेखाला दिले आहे. लेखक पीटर मेल, पुस्तक ‘तूझूर प्रोव्हान्स’ (१९९१). आणि मथळा बजावतो की, शातोनफ-द्यु-पाप या गावी थुंकावयाचे नाही. यातली गंमत कळावयास थोडा खुलासा हवा. वाइन पारखणारा जाणकार प्याला उजेडाकडे धरून रंग पाहतो, हलवून वास घेतो, घोटभर वाइन तोंडात घोळवतो आणि मग ती चक्क थुंकून टाकतो. एका दिवसात अनेक वाइन पारखावयाच्या तर शुद्धीवर राहणे भागच आहे! म्हणजे तिथे थुंकणे हा गावंढळपणा नसून धंद्याची शिस्त आहे. गिळतो तो पारखी नव्हे, पाहुणा. मेल हा असा आनंदाने गिळणारा पाहुणा आहे, आणि त्याच्या लेखनाची सारी गोडी व सारी मर्यादा एवढ्या एका गोष्टीत सामावलेली आहे, असे मला वाटते.

गोडी प्रथम सांगावी. ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ (१९८९) या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात जाहिरातीच्या धंद्यातून बाहेर पडलेला हा गृहस्थ पत्नीसह दक्षिण फ्रान्समध्ये येतो, लुबेरों डोंगराच्या कुशीत, मेनेर्ब आणि बोन्यू या गावांच्या मधोमध एक जुने दगडी शेतघर विकत घेतो, आणि जानेवारी ते डिसेंबर अशा बारा प्रकरणांत एका वर्षाची हकीकत सांगतो. हकीकत ती काय? मिस्त्राल नावाचा बोचरा वारा सुटतो, थंडीने नळ फुटतात. ते दुरुस्त करावयास आलेला मेनिकुच्ची पृथ्वीच्या आकारावर प्रवचन झोडतो. शेजारचा मासो कोल्ह्याचे कालवण कसे करावे ते समजावून देतो. गवंडी भिंती पाडून जे नाहीसे होतात ते होतातच. अखेर नाताळाच्या सुमारास यजमान एक युक्ती काढतात. घर पुरे झाल्याची मेजवानी ठरवून कारागिरांबरोबर त्यांच्या बायकांनाही आमंत्रणे धाडतात. आपले अर्धवट काम बायकोला कोण दाखवणार? घर वेळेवर पुरे होते! ज्याने आयुष्यात एकदा तरी घराची दुरुस्ती काढली आहे, त्याला हे वाचून हसू आल्यावाचून राहावयाचे नाही.

शिवाय हा लेखक पाहुण्याची पायरी सोडत नाही. तो स्वतःच्या फजितीला हसतो, आणि त्याला घाई नाही. सकाळी बाजार, मग टेकडीच्या माथ्यावर घरट्यासारखे बसलेले एखादे गाव, दुपारी दोन-तीन तासांचे जेवण, नंतर एखाद्या तळघरातला गारवा, असा त्याचा दिवस असतो. निवांतपणा हाच या पुस्तकांचा खरा नायक. घड्याळाच्या काट्यावर देश उरकणारी प्रवासवर्णने वाचून दमलेल्या वाचकाला इथे सावलीत बसल्यासारखे वाटते.

पण सावली म्हटली की झाड कोणी लावले, हे विचारावे लागते. मेलच्या घराभोवती द्राक्षमळा आहे. तो बटाईने दिलेला आहे. मळ्यात राबावयाचे फॉस्तँने. नव्या वेलींचा खर्च मालकाचा. पीक निघाले की दोन वाटे फॉस्तँचे, एक वाटा मेलचा. कूळ, वाटा, खंड हे शब्द ज्यांच्या घरात वाडवडिलांपासून चालत आले, त्या मराठी वाचकाचे कान इथे टवकारतात. फॉस्तँला कर्ज आहे काय? पीक बुडाले तर त्याच्या घरी काय होते? पुस्तक या वाटेला जात नाही. कारागीर विनोदासाठी येतात, शेतकरी शहाणपणासाठी येतो. त्यांचे दुखणेखुपणे बहुधा दाराबाहेर राहते. माणसे गोड आहेत, परंतु ती बव्हंशी पाहुण्याला दिसली तेवढीच आहेत.

याच टापूत, मेनेर्बहून थोड्याच मैलांवर, गेरूच्या तांबड्या कड्यांवर रूसियों हे गाव वसले आहे. १९५० साली लॉरेन्स वाइली हा अमेरिकन अध्यापक बायकामुलांसह तिथे वर्षभर जाऊन राहिला आणि ‘व्हिलेज इन द व्होक्लूझ’ (१९५७) हे पुस्तक त्याने लिहिले. गावाचे नाव बदलून त्याने ‘पेरान’ केले. यजमानाची झाकली मूठ झाकलीच ठेवली. पण शाळेत मुलांना कसे वळण लावतात, संसाराचा खर्च कसा भागतो, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, हे सारे त्याने टिपले. तिथले शेतकरी त्या काळी फळझाडे लावावयास धजत नव्हते. पुन्हा युद्ध झाले तर ती कोणासाठी लावावयाची? दहा वर्षांनी वाइली परत पाहतो तो झाडे लागली होती. प्रोव्हान्सच्या प्रसन्नतेमागे केवढी भीती दडली होती, हे या एका तपशिलावरून कळते. वाइलीने चव घेतली, आणि शुद्धही राखली.

त्याच रूसियोंत त्याच्या आधी सॅम्युएल बेकेट येऊन गेला होता. पॅरिसमध्ये जर्मनांविरुद्धच्या गुप्त कार्यात असलेला हा आयरिश लेखक १९४२ साली पळून इथे आला, लपून राहिला आणि शेतांत राबला. पुढे ‘गोदो’च्या मूळ फ्रेंच नाटकात (१९५२) द्राक्षांच्या तोडणीची आठवण निघते, तेव्हा रूसियों गावाचे आणि बोनेली या मळेवाल्याचे नाव स्पष्ट येते. इंग्रजी अवतारात मात्र बोलणाऱ्याला ना माणसाचे नाव आठवते, ना गावाचे! नाटकात या विस्मरणाला अर्थ आहे. पण मला हा बदल प्रवासी साहित्यावरच्या टीकेसारखाही वाटतो. आपल्याला वाइन आठवते, जेवण आठवते. द्राक्षे ज्याच्या मळ्यातली, त्याचे नाव जिभेवर येत नाही.

म्हणून मेलला टाकाऊ ठरवावे काय? मुळीच नाही. गावकरी काही भोळे सांब नव्हेत. शातोनफच्या नगराध्यक्षाने १९५४ साली आपल्या हद्दीत उडत्या तबकड्यांना उतरण्याची बंदी केली आणि गावाचे नाव जगभर गाजवून घेतले. जाहिरातीची कला त्यांना मेलने शिकवावयास नको होती. त्याच्या पुस्तकामुळे मेनेर्बला प्रवाशांची रीघ लागली ती इतकी की, खुद्द लेखकाला काही वर्षे अमेरिकेत जाऊन राहावे लागले. निवांतपणाचे वर्णन फार चांगले केले की निवांतपणा उरत नाही, हा त्यातला धडा.

आता नाशिककडच्या द्राक्षमळ्यांतही वाइनची चव घेणाऱ्यांच्या सहली जाऊ लागल्या आहेत. उद्या त्यांवर मराठीत कोणी खुसखुशीत लिहील, आणि लिहावेच. त्याने मेलची प्रसन्नता जरूर घ्यावी; पण अवकाळी पावसाच्या रात्री त्या मळ्यात कोण जागत होते, त्याचे नावही विचारून घ्यावे. फराळाचे ताट पुढे आले की आपण करणारीचे नाव घेतो. वाइनच्या प्याल्यालाही तोच रिवाज लागू पडावयास हरकत नाही.