‘म्हणजे?’ : संवादातील एक उपेक्षित प्रश्न

नाटकातील संवादांची चर्चा करताना आपली समीक्षा त्यांच्या ओजाविषयी, चुरचुरीतपणाविषयी वा काव्यात्मतेविषयी बोलते. परंतु माणसांचे रोजचे बोलणे ज्या चिमुकल्या प्रश्नांच्या आधाराने चालते, त्यांची दखल ती क्वचितच घेते. ‘अं?’, ‘कोण?’, ‘म्हणजे?’ हे ते प्रश्न होत. बारा भाषांतील अनौपचारिक संभाषणे तपासून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, दीड मिनिटही सरत नाही तोच सरासरीने एकदा तरी कोणीतरी असा खुलासा मागतो. तेव्हा गैरसमज हा संभाषणातील अपघात नव्हे. तो त्याचा नित्याचा सोबती आहे.

या प्रश्नांनाही पायऱ्या आहेत. ‘अं?’ म्हणणारा सारेच पुन्हा सांगावयास लावतो, ‘कोण?’ म्हणणारा न कळलेला नेमका भाग दाखवितो. आणि ‘म्हणजे तुमचे धाकटे बंधू का?’ असे विचारणारा स्वतःस उमगलेला अर्थच पडताळणीसाठी पुढे ठेवतो. शेग्लॉफ, जेफरसन व सॅक्स यांनी 1977 मध्ये दाखवून दिले की, ऐकणारा सहसा दुसऱ्याची चूक परस्पर दुरुस्त करीत नाही. ती सुधारण्याची संधी तो बोलणाऱ्यालाच देतो. यात एक सौजन्य आहे. आपला ‘म्हणजे’ तर दोन्हीकडून राबतो. ‘उद्या येतो, म्हणजे परवा’ असे म्हणून बोलणारा स्वतःस सावरतो, आणि ऐकणारा त्याच शब्दाने खुलासा मागतो. मात्र सूर किंचित चढला की हाच खुलासा जाब होतो.

या प्रश्नाचे नाट्यमूल्य गोविंद बल्लाळ देवलांच्या दोन रूपांतरांत स्पष्ट दिसते. ‘संशयकल्लोळ’ (1916) मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या मार्गाने मोलिएरच्या ‘स्गानारेल’पर्यंत (1660) मागे जाते. तेथे एका तसबिरीवरून सारा गोंधळ माजतो. फाल्गुनराव आणि कृत्तिका परस्परांवर आरोपांची खैरात करतात. मात्र ‘ही तसबीर तुझ्यापाशी कशी आली?’ हा साधा प्रश्न उत्तर ऐकण्याच्या तयारीने कोणी विचारीत नाही. मोलिएरच्या मूळ नाटकात गुंता उकलते ती एक दासी, आणि तीही प्रत्येकास क्रमाने प्रश्न विचारून.

‘झुंजारराव’ (1890) हे देवलांनी केलेले ‘ऑथेल्लो’चे रूपांतर. मूळ नाटकात तसबिरीच्या जागी रुमाल आहे, आणि हास्याच्या जागी मृत्यू. येथे शेक्सपिअरचे एक कौशल्य ध्यानात घेण्यासारखे आहे. इयागो प्रथम कोणताही आरोप करीत नाही. ऑथेल्लो जे विचारतो त्यातलाच शब्द तो प्रश्नार्थक सुरात परत करतो. रूप खुलासा मागण्याचे. कार्य मात्र संशय पेरण्याचे! उलट ऑथेल्लो प्रश्न विचारतो ते निकाल ठरवून झाल्यावर. कॅसिओला बोलावून विचारा, असे डेस्डेमोना अखेरीस विनविते. तेव्हा तो मेला असल्याची ऑथेल्लोची समजूत झालेली असते. खुलाशाला केवळ प्रश्न पुरत नाही. उत्तरावर विश्वास ठेवण्याची तयारी लागते. सुखात्मिकेत ती उशिरा येते. शोकात्मिकेत वेळ गेल्यावर.

हे सारे प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीतून उमगले. एका बंगाली नाटकाचा अनुवाद करताना पत्नीच्या तोंडचे चार-पाच ‘माने?’ त्याने भरतीचे समजून गाळले होते. पहिल्याच वाचनाला त्या भूमिकेतील अभिनेत्री अडली. तिने विचारले, “इथं मी गप्प आहे, म्हणजे मला सगळं कळलंय असं धरायचं का?” त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मूळ नाटकातील स्त्री नवऱ्याच्या गोलमाल बोलण्याला पावलोपावली अडवीत होती. अनुवादात ती मुकाट संमती देत होती. शब्द चार-पाचच गेले होते, परंतु त्यांबरोबर एका व्यक्तिरेखेचा कणा गेला होता. ते ‘म्हणजे?’ परत आले, तेव्हा प्रवेश उभा राहिला.

अनुवादकाला अलंकार सोडल्याची क्षमा कदाचित मिळेल; पात्राचा विचारण्याचा हक्क काढून घेतल्याची मिळू नये. ‘मतलब?’, ‘माने?’, ‘म्हणजे?’ हे आपल्या भाषांतील सर्वांत लहान संवाद आहेत. मला तुझे कळले नाही, पण कळून घ्यावयाचे आहे, एवढा मोठा आशय ते वाहून नेतात.