पाहुणा, यजमान आणि पासपोर्ट

जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्या संबंधांबद्दल आपण करारांच्या, शिखर बैठकांच्या भाषेत बोलतो. आज मी एका चित्रपटाच्या आधारे बोलणार आहे. हॅम्बुर्गमध्ये तुर्की आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या फातिह अकिनचा हा चित्रपट, 'आउफ डेअर आंडेरेन झाइटे', म्हणजे 'पलीकडच्या बाजूला'. २००७ साली कान महोत्सवात त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं.

आधी पार्श्वभूमी. ३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. येणाऱ्यांना नाव दिलं 'गास्टआर्बायटर', पाहुणा कामगार. आता बघा, आपल्याकडे अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. इथे मात्र जाण्याची तिथी आधीच ठरलेली, दोन वर्षं! ती अट १९६४ मध्ये गेली, १९७३ मध्ये भरतीच बंद झाली. पण माणसं राहिली, संसार झाले, आणि 'पाहुणा' हा शब्द मात्र चिकटून बसला.

कांटने १७९५ च्या 'शाश्वत शांतते'वरील निबंधात एक भेद केला आहे. परक्या भूमीवर आलेल्याला शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, हा प्रत्येकाचा हक्क. पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क मात्र वेगळ्या करारानेच मिळतो. आणि आलेल्याला परत पाठवता येतं. पण त्यात त्याचा नाश होणार नसेल तरच. ही शेवटची अट लक्षात ठेवा.

चित्रपटात आयतेन ही इस्तंबूलची राजकीय कार्यकर्ती खोट्या पासपोर्टवर जर्मनीत येते. लोटे नावाची विद्यार्थिनी तिला घरी आणते. स्वयंपाकघरात लोटेची आई झुझान म्हणते, तुम्ही युरोपियन युनियनमध्ये आलात की कदाचित सगळं सुधारेल. आयतेन भडकते, युनियनला शिवी देते. त्यावर आई म्हणते, माझ्या घरात ही भाषा नको.

'माझ्या घरात'! सगळं परराष्ट्र धोरण या दोन शब्दांत आहे. २००५ मध्ये तुर्कस्तानशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू झाल्या, त्याच वर्षी चॅन्सलर झालेल्या मेर्केल यांच्या पक्षाला मात्र सदस्यत्वाऐवजी 'विशेष भागीदारी' हवी होती. म्हणजे ओसरीवर बसा, माजघरात येऊ नका.

पुढे आयतेनचा आश्रयाचा अर्ज फेटाळला जातो, तिची परत पाठवणी होते, ती तुरुंगात जाते. कांटची अट इथे मोडली. लोटे तिच्यासाठी इस्तंबूलला जाते आणि तिथे मारली जाते. मग झुझान तिथे जाते, मुलीच्याच खोलीत राहते, तुरुंगात जाऊन आयतेनला क्षमा करते. यजमानीण पाहुणी होते. चित्रपटाचं मोठेपण यात आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण माझा आक्षेपही इथेच आहे. अकिन दोन्ही बाजू सारख्या करून दाखवतो: एक शवपेटी इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. मरणात समानता आहे, ठीक. जिवंतपणी आहे का? झुझान स्वतःच्या पासपोर्टवर विमानतळाबाहेर येते. आयतेनला ते शक्य नव्हतं. आईच्या क्षमेने व्यक्तीचं ओझं उतरतं, सीमेवरचा नियम बदलत नाही. शेवटाच्या शांततेत चित्रपट हे विसरतो.

आणि नंतर काय झालं? २०१६ च्या मार्चमध्ये युरोपियन युनियनने तुर्कस्तानशी निर्वासित अडवण्याचा सौदा केला. त्यामागे मेर्केल यांचा पुढाकार होता. बदल्यात पैसे आणि तुर्की नागरिकांना व्हिसामाफीचं आश्वासन. सहा अब्ज युरो ठरले. व्हिसामाफी आजही नाही. पाहुण्यालाच दारवान केलं, पण घरात घेतलं नाही. देशांतर्गत मात्र एक पाऊल पडलं: जून २०२४ पासून जर्मन नागरिक होताना तुर्की नागरिकत्व सोडावं लागत नाही. 'पाहुणा' शब्द पुसायला त्रेसष्ट वर्षं लागली.

तेव्हा चित्रपट जरूर बघा. डोळे भरून येतील, येऊ द्या. पण ते पुसल्यावर विचारा: क्षमा कोण करतं आहे, आणि शिक्का कोणाच्या हातात आहे? इथे थांबतो.