निवृत्तिवेतनाचे वचन आणि प्रतिफलाचा प्रश्न

करारविधीच्या वर्गांत ‘फाइनबर्ग विरुद्ध फायफर कंपनी’ हा अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या अपील न्यायालयाचा १९५९ सालचा निर्णय वचनविबंधाचा नमुना म्हणून शिकविला जातो. म्हणजे, वचनावर विसंबून एखाद्याने आपली स्थिती बदलली असता वचन देणाऱ्यास ते नाकारू न देणाऱ्या तत्त्वाचा. निकाल न्याय्य आहे. न्यायालय ज्या वाटेने तेथवर पोहोचले, ती वाट मात्र तपासण्याजोगी आहे.

वादी स्त्री १९१० पासून कंपनीच्या सेवेत होती. १९४७ च्या डिसेंबरात संचालक मंडळाने ठरावाने तिचे मासिक वेतन ३५० वरून ४०० डॉलर केले. ती स्वेच्छेने केव्हाही निवृत्त झाल्यास तिला तहहयात दरमहा २०० डॉलर द्यावेत असे ठरविले. आणि झेपेल तोवर तिने कामावर राहावे, अशी आशाही नमूद केली. ती १९४९ च्या जूनअखेर निवृत्त झाली. १९५६ साली नव्या व्यवस्थापनाने रक्कम निम्मी केली, तेव्हा ती न स्वीकारता तिने दावा लावला.

न्यायालयाने करार झाल्याचे मानले नाही. सदतीस वर्षांची सेवा हे गत प्रतिफल, म्हणून निरुपयोगी. ठरावानंतरची सेवाही तशीच, कारण पुढे काम केलेच पाहिजे अशी अट ठरावात नव्हती. अखेर, वचनावर विसंबून तिने किफायतशीर नोकरी सोडली, एवढ्याच आधारावर दावा टिकला. आणि जो करार नाकारला त्याच्याच मापाने तिला पूर्ण रक्कम मिळाली!

ठरावाची शब्दयोजना न्यायालयाच्या बाजूची आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि एकपक्षीय करारात नोकराने उलट वचन द्यावे लागत नाही; मागितलेली कृती करणे हाच स्वीकार आणि तेच प्रतिफल. मग प्रश्न उरतो तो त्या ‘आशे’चा. व्यापारी मंडळी ठरावात आशा लिहितात ती केवळ शोभेसाठी नव्हे. वेतनवाढ, निवृत्तिवेतन आणि कामावर राहण्याची आशा एकाच ठरावात आली असता तिसरीस पहिल्या दोहोंची मागणी म्हणून वाचण्याचा विचार तरी व्हावयास हवा होता. तसे झाले असते, तर पुढील दीड वर्षाची सेवा प्रतिफल ठरली असती.

भेद केवळ शास्त्रीय नाही. ऱ्होड आयलंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढील ‘हेज विरुद्ध प्लँटेशन्स स्टील कंपनी’ या १९८२ च्या प्रकरणात पंचवीस वर्षे काम केलेल्या कर्मचाऱ्याने निवृत्तीचा निश्चय आधीच कळविला होता. आश्वासन मिळाले ते निवृत्तीच्या आठवडाभर आधी. वार्षिक ५,००० डॉलर काही वर्षे मिळून थांबले, आणि प्रतिफलही नाही, विसंबणेही नाही, म्हणून तो हरला. दोघांच्या निष्ठेत फरक दिसत नाही. फरक आहे तो घटनांच्या क्रमात, आणि तो क्रम बहुधा मालकाच्या हाती असतो.

भारतीय वाचकास येथे १८७२ च्या करार अधिनियमातील प्रतिफलाची व्याख्या आठवेल. वचनदात्याच्या इच्छेवरून पूर्वी केलेली कृतीही तीत सामावते. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ज्या सेवेची फेड वेतनाने दरमहा झाली, तीच निवृत्तिवेतनाचे प्रतिफल कशी, हा आक्षेप येथेही उभा राहतो, आणि त्याला उत्तर द्यावयाचे तर निवृत्तिवेतन हा वेतनाचाच मागे ठेवलेला भाग होता, हे त्या त्या वचनाच्या शब्दांतून आणि वर्तनातून दाखवावे लागते.