रघोजींची फिरंग वाचताना

श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग. पात्याच्या पाठीवर, मुठीलगत, सोन्याच्या पाण्याने लिहिलेली ही एक देवनागरी ओळ. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीज लिलावात महाराष्ट्र शासनाने ही तलवार मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. किमतीची चर्चा खूप झाली. मला बोलायचे आहे ते तलवारीबद्दल, कारण ती नीट पाहिली तर स्वतःची साक्ष स्वतःच देते.

आधी लेखाची जागा पाहा. तो पात्याच्या रुंद अंगावर नाही. रुंद अंगावर असता, तर दरबारात समोर बसलेल्याला दिसला असता. ही तलवार एकधारी आहे. धार शत्रूकडे करून ती धरली, की पाठ धरणाऱ्याकडे येते. म्हणजे ही अक्षरे धन्याच्या डोळ्यांसमोर राहतात. मजकूरही तसाच: धन्याचे नाव, त्याचे पद आणि वस्तू, म्हणजे फिरंग, युरोपीय पात्याची तलवार. देवाचे नाव नाही, सन नाही, पराक्रमाचा एक शब्द नाही. शिलेखान्यातल्या नोंदीइतका हा लेख कोरडा आहे, आणि याच कोरडेपणामुळे मला तो खरा वाटतो. मिरवायचे असते तर मजकूर लांबला असता. बंगालपर्यंत स्वाऱ्या करणाऱ्या नागपूरकर भोसल्यांच्या पहिल्या रघोजींना (१६९५–१७५५) छत्रपती शाहूंनी दिलेले सेनासाहेबसुभा हे पद पुरेसे बोलके होते.

मराठा शस्त्रांवर बहुधा नक्षी नसते आणि नावही नसते. वाड्यावाड्यांतून ‘ही अमक्यांची तलवार’ असे सांगतात, त्याला आधार फक्त घराण्यातल्या सांगण्याचा. इथे नक्षी आणि नाव दोन्ही आहेत, म्हणून ही तलवार दुर्मीळ.

पण नाव मागाहूनही घालता येते. जुन्या जपानी तलवारींच्या बाजाराने हे फार पूर्वी ओळखले. तिथे कारागीर आपली सही मुठीत लपणाऱ्या भागावर करतो. बांबूची छोटी खुंटी काढली की मूठ निघते आणि सही दिसते. तरीही जाणकार सहीवर थांबत नाही, कारण थोरांच्या नावाच्या खोट्या सह्या तिथे शतकानुशतके होत आल्या. तो पोलादाचा पोत, धारेजवळची पाण्याची रेघ आणि त्या लपलेल्या भागावरचा गंज पाहतो. तो गंज कुणी घासून काढला, तर तलवारीची किंमत कोसळते, कारण वयाचा पुरावाच पुसला जातो. १९४८ साली स्थापन झालेली तोक्योची तलवार-जतन संस्था अशी तपासणी करून दर्जावार प्रमाणपत्रे देते, आणि खरेदी-विक्री त्या कागदांवर चालते.

आपल्या तलवारीचे पाते मुठीत राळ-लाखेने किंवा रिव्हेटने पक्के बसवलेले असते. ते सहजी उघडत नाही. म्हणून जे बाहेर दिसते तेच एकमेकांशी जुळवून पाहायचे. रघोजींच्या फिरंगेत ते जुळते. पाते युरोपीय बनावटीचे, खजान्याजवळ, म्हणजे पात्याच्या मुठीलगतच्या भागात, ते घडवणाऱ्याचे नाव; अठराव्या शतकात अशी पाती सरदारांना प्रिय होती. मूठ मात्र इथलीच, मुल्हेरी घाटाची, सोन्याची कोफ्तगरी (पोलादावर सोन्याचे जडावकाम) केलेली आणि पकडीला हिरवे कापड गुंडाळलेली. परके पाते, देशी मूठ आणि वर आपली लिपी: तिन्ही एका काळाशी आणि एका धन्याशी जुळतात.

मुल्हेर म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्यातले, बागलाणातले. बागुल राजांची ती राजधानी. १६३८ साली मोगलांनी ती घेतली. द्वारका चौकातून आग्रा रोडला लागून बागलाणात जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की नागपूरकर भोसल्यांच्या तलवारीच्या मुठीचा घाट या गावाच्या नावाने ओळखला जातो? मला ही तलवारीतली सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

ती देशाबाहेर कशी गेली, याचा कागद समोर नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने नागपूरकरांचा खजिना लुटला. त्या लुटीत किंवा नजराण्यात ती गेली असावी, असा शासनाचा तर्क आहे. तर्क पटण्याजोगा आहे, पण पुरावा वेगळा. पाठीवरची ओळ तलवार कुणाची ते सांगते. प्रवास सांगत नाही.

नाशिकच्या जुन्या वाड्यांत आणि बागलाणच्या गावांत अजूनही देव्हाऱ्याशेजारी तलवारी आहेत. दसऱ्याला त्या पुजताना चिंच किंवा पॉलिश पेपर लावू नका. पाठीवर, खजान्याजवळ अक्षरे आहेत का ते उजेडात पाहा, छायाचित्र काढा आणि पुरातत्त्व खात्याला दाखवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.