ओवाळणी आणि हक्क

प्रतिस्पर्धी पक्षाने लोकांना भावणारी घोषणा केली की इतर पक्षांना दोनच वाटा सुचतात. एक तर हिणवायचे, नाहीतर बोली वाढवायची. २०२४ मध्ये महाराष्ट्रात महाविकास आघाडीने दोन्ही करून पाहिले.

जूनमध्ये सरकारने 'माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. महिन्याला १५०० रुपये, आणि पहिले हप्ते राखीपौर्णिमेच्या तोंडावर खात्यात. विरोधक म्हणाले, ही निवडणुकीपुरती खेळी आहे, तिजोरीला झेपणार नाही. नोव्हेंबरात त्यांनीच ३००० रुपयांचे वचन दिले. आता बघा, १५०० झेपत नाहीत म्हणणाराच ३००० कबूल करतो, तर ऐकणाऱ्या बाईने काय खरे मानायचे? एकीकडे खात्यात आलेले पैसे, दुसरीकडे नुसता शब्द. निकालात आघाडीच्या तीन मोठ्या पक्षांना २८८ पैकी ४६ जागा मिळाल्या. पराभवाची कारणे अनेक असतील. आम्हाला खटकते ते वेगळेच.

योजनेची ताकद रकमेइतकीच 'बहीण' या शब्दात होती. भावाने घातलेली ओवाळणी मोजायची नसते, आणि मागायची तर मुळीच नसते. पुढल्या वर्षी त्याने हात आखडता घेतला, तर बहिणीने दाद कुणाकडे मागायची? विरोधकांनी हे विचारायला हवे होते. त्यांनी आकडा वाढवला आणि योजनेला 'महालक्ष्मी' नाव दिले. बहिणीची देवी झाली. नागरिक काही झाली नाही.

याच राज्याने दुसरी रीत पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर राबवली गेली. विरोधी पक्षांनी आणि शेतमजुरांच्या संघटनांनी ती नुसती मदत म्हणून राहू दिली नाही, मोर्चे काढले. १९७७ मध्ये कायदा झाला. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता मागता येऊ लागला. कामे रखडली, मजुरी थकली, हेही खरेच. पण तेव्हा मजुराच्या हातात कायद्याचे कलम असे, आणि तो तहसीलदाराला जाब विचारू शके.

तेव्हा विरोधी पक्षाने त्या बाईला सांगावे : हे पैसे तुझ्या हक्काचे आहेत. रक्कम किती, नाव कोणत्या कारणाने कापता येईल, कापले तर तक्रार कुठे करायची, हे आम्ही कायद्यात लिहू. आणि पैसा कुठून आणणार, हेही त्याच सभेत सांगावे.