बुद्धीची मोजपट्टी आणि आपला 'ढ'

मराठीत मठ्ठ पोराला 'ढ' म्हणतात. या शब्दाची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. अशोकाच्या काळातल्या ब्राह्मीपासून आजच्या बाळबोध लिपीपर्यंत सगळी अक्षरे बदलत गेली, 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात कितीही शिकवले तरी फरक पडत नाही तो 'ढ'. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यामागची धारणा मात्र पक्की आहे. न शिकणे हा त्या पोराचा उपजत गुण आहे, त्यात शाळेचा किंवा समाजाचा काही संबंध नाही, असे ती म्हणते. वर्णव्यवस्थेने हजारो वर्षे दुसरे काय सांगितले? ब्राह्मणाच्या घरचा 'ढ' एकटा 'ढ' असतो. आमच्या घरचा 'ढ' निघाला की तो 'जातीवर जातो'.

हा 'ढ' आपल्या साहित्यात कुठे आहे, असा प्रश्न मला काही वर्षांपासून पडतो आहे. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने मी वर्गात शिकवते. शाळा हा या सगळ्यांचा कणा आहे. वेगळे बसवणे, उपाशी पोट, मास्तरांचे बोलणे, पुस्तकाला नसलेले पैसे, आणि या सगळ्यावर मात करून हाती आलेले अक्षर. या लेखनाने मराठी साहित्याला जे दिले ते मोलाचेच आहे. पण ही आत्मकथने ज्याला अक्षर लागले त्याची आहेत. ज्याला ते लागलेच नाही त्याचे आत्मकथन निघणार कसे? ही लेखकांची चूक नाही, वाङ्मयप्रकाराची मर्यादा आहे. समीक्षेने मात्र ती मर्यादा कधी उच्चारली नाही. आपल्या मुलाच्या नापास होण्याची दोनच कारणे आपण मानली, जात आणि दारिद्र्य. तिसरे कारण त्याच्या मेंदूत असू शकते, हे आपण ऐकूनच घेत नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास खोटा नाही. तरीही हा नकार तपासण्याची वेळ आली आहे असे मला वाटते.

निमगाव केतकीत आमच्या भावकीतला एक मुलगा माझ्याच वयाचा. पानमळ्यात कामाला जायचा. दहाबारा बायकांच्या रोजाचा आठवड्याचा हिशेब, उचल वजा करून, तोंडी सांगायचा आणि पैशाचा फरक पडायचा नाही. वाचायला बसवले की अक्षरे त्याला जणू दर वेळी पहिल्यांदा भेटत. 'भ'चा 'म' होई, 'घ'चा 'ध', जोडाक्षर आले की गाडी थांबे. नववीत शाळा सुटली. घरात बाबासाहेबांचा फोटो. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचत, आणि तुला एक धडा येत नाही, हे वाक्य त्याने किती वेळा ऐकले असेल याची मोजदाद नाही. बाबासाहेबांच्या नावाने पोराला कमीपणा देण्याची ही रीत आपल्या घराघरांत आहे आणि तिच्याविषयी आपण कधी लिहीत नाही. आता मुद्द्याची गोष्ट. त्याची पाठची सख्खी बहीण त्याच शाळेत, त्याच पाटीवर, तेवढीच भाकर खाऊन घडाघडा वाचत होती. जात तीच आणि दारिद्र्यही तेच. मग फरक कशाचा?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा दावा करणारे एक शास्त्र आहे. डॉक्टर त्याला न्यूरोसायकॉलॉजी म्हणतात. त्यात सुई नाही, मशीन नाही. मुलासमोर बसून त्याला काही कामे दिली जातात. आकडे ऐकून उलटे म्हणणे, आकृती पाहून काढणे, ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, शब्दांतले आवाज सुटे करणे, ठरावीक वेळात वाचणे. यातून मेंदूचे कोणते काम नीट चालते आणि कोणते अडते याचा नकाशा काढायचा. कल्पना चांगली आहे. ज्याचे वाचन अडते पण हिशेब अडत नाही अशा पोराला 'ढ' या एका अक्षरात कोंबण्याऐवजी त्याचे नेमके काय अडते ते सांगणे, हे आपल्या बाजूचेच काम आहे.

गोम आहे ती मोजपट्टीत. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया. महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवरचे त्याचे काम प्रसिद्ध आहे. पण त्याआधी १९३१-३२ मध्ये तो उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला होता. निरक्षर शेतकऱ्यांना त्याने हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रे दाखवली आणि विचारले, यात वेगळे कोणते? शाळेत गेलेला माणूस म्हणतो ओंडका, कारण बाकीची हत्यारे. ते शेतकरी म्हणत, चारही लागतात, ओंडकाच नसेल तर करवत काय कामाची? पण थोडेफार शिकलेले लोक हत्यारांचा वर्ग वेगळा काढू लागले होते. म्हणजे चाचणी जे मोजत होती ते मेंदूचे नव्हते, शाळेचे होते. आमच्या वस्तीवर कोयता, विळा, खुरपे आणि ऊस ठेवून हाच प्रश्न विचारा. ऊस नसला तर कोयता काय चाटायचा, असेच उत्तर येईल. ते उत्तर शहाणपणाचे आहे, आणि चाचणीत त्याला गुण नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमों यांनी पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना मदत द्यावी म्हणून. बुद्धी ही ठरून गेलेली, न वाढणारी वस्तू आहे असे मानणाऱ्यांवर बिनेने स्वतः टीका केली होती. व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. त्यांचे पुस्तक १९४० सालचे. त्या काळात त्या भागातल्या शाळांत आमची मुले किती होती हे वाचकांना सांगायला नको. पुढे नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात मालिन यांनी अमेरिकेच्या वेक्सलर मोजपट्टीवरून भारतीय मुलांची मोजपट्टी तयार केली, १९६९ च्या सुमारास. तिच्यात सामान्य माहिती आहे, शब्दसंग्रह आहे, दोन वस्तूंतले साम्य सांगणे आहे. एका बाजूला घरी पुस्तके असलेले मूल, दुसऱ्या बाजूला दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत भवानीनगरच्या कारखान्याच्या पट्ट्यात फडावर राहणारे बीडच्या ऊसतोड कुटुंबातले मूल. दोघांना एकच पट्टी.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०१६ च्या कायद्याने अध्ययन अक्षमतेला एकवीस अपंगत्वांच्या यादीत जागा दिली, हे पुढचे पाऊल होते. पण ४ जानेवारी २०१८ च्या राजपत्रात तपासणीची जी रीत सांगितली तिच्यात आधी मालिनची किंवा वेक्सलरची मोजपट्टी लावायची होती. बुद्ध्यंक ८५ च्या वर निघाला तरच पुढे बंगळूरच्या निम्हान्सची वाचन-लेखन-गणिताची चाचणी. म्हणजे आधी तू हुशार आहेस हे सिद्ध कर, मग तुला वाचता का येत नाही ते पाहू. ज्याचे गुण शब्दसंग्रहात आणि साम्यात गेले तो पोरगा ८० वर अडतो आणि दार बंद होते. मतिमंदत्वाचा दाखला मिळायला तो सत्तरच्या खाली हवा. मधल्या गल्लीत सापडणाऱ्या मुलांसाठी एकवीसच्या यादीत नाव नाही.

दुसरे दारही आहे. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेची जी व्याख्या केली गेली तिच्यातून परिस्थितीने, संस्कृतीने किंवा आर्थिक वंचिततेने मागे पडलेली मुले स्पष्ट शब्दांत वगळली होती. ही धारणा पाठ्यपुस्तकांतून जगभर गेली. तिचा व्यवहारातला अर्थ असा की श्रीमंताच्या मुलाला वाचता आले नाही तर त्याच्या मेंदूत शोधायचे, गरिबाच्या मुलाला आले नाही तर त्याच्या घरात शोधायचे. गरिबाला स्वतंत्र मेंदूच नाही, नुसती परिस्थिती आहे! आणि इथे आपली चळवळ नकळत त्याच व्याख्येच्या बाजूने बोलते, कारण आपणही सगळे परिस्थितीवर घालतो.

'तारे ज़मीन पर' (२००७) या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघर पोचवला. तो पाहून पुष्कळ पालक रडले, ते रडणे खोटे नव्हते. पण त्यातल्या ईशानला समजून घेतले जाते ते कोणत्या घरात? आणि त्याला न्याय मिळतो तो तो विलक्षण चित्र काढतो म्हणून. वर्गात शिक्षक आइन्स्टाइन आणि एडिसन यांची नावे घेतात. ज्याला वाचता येत नाही आणि चित्रही काढता येत नाही त्याचे काय? 'फँड्री'तल्या (२०१३) जब्याला गावासमोर डुकरे धरायला लावतात. जब्याला वाचताना काय अडते का, हा प्रश्न तिथे पडायला जागाच नाही. जातीचा प्रश्न इतका मोठा की त्याच्या सावलीत दुसरा कोणताच प्रश्न उगवत नाही. मंजुळेंना मी यात दोष देत नाही, ते खरेच तसे आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती आहेत. जास्त वेळ, लेखनिक, एक भाषा सोडण्याची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचे गणित. दाखले देणारी रुग्णालये मुंबईत शीव, केईएम, नायर. महापालिकेची, म्हणजे सरकारी पैशाचीच. पण तिथे कोणाचे मूल पोचते? ज्याच्या शाळेला हा शब्द माहीत आहे त्याचे.

तेव्हा चाचण्याच जाळाव्यात का? असे म्हणणारे कार्यकर्ते मला भेटतात. त्यांच्यासाठी एक हकिगत. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने कोर्टात दावा दाखल झाला होता. बुद्ध्यंकाच्या जोरावर त्यांना मतिमंदांच्या वर्गात टाकले होते. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी त्यांची पुन्हा तपासणी केली, मुलांची भाषा आणि अनुभव ध्यानात घेऊन, आणि ती सगळी मर्यादेच्या वर निघाली. १९७९ साली न्यायाधीश पेकहॅम यांनी निकाल दिला की चाचणी पक्षपाती आहे, तिच्यावरून या मुलांना त्या वर्गात टाकायचे नाही. मोठा विजय होता. आपल्याकडे पँथरचे नाव आले, ही लढाई आली नाही. पण पुढचे ऐका. १९८६ मध्ये ही बंदी इतकी आवळली की पालकांची संमती असली तरी कृष्णवर्णीय मुलाला विशेष शिक्षणासाठी ही चाचणी देता येईना. तेव्हा काही कृष्णवर्णीय पालकच कोर्टात गेले. आमच्या मुलाला वाचनाची अडचण आहे, ती आम्हाला शोधायची आहे, गोऱ्या मुलाला जे मिळते ते आमच्या मुलाला का नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९९२ मध्ये त्याच न्यायाधीशांनी १९८६ ची वाढीव बंदी उठवली. नकार ही आपल्या साहित्याची पहिली प्रेरणा आहे. त्या पालकांनी मात्र नकाराच्या पुढची जागा दाखवली. मोजू नका, असे ते म्हणत नव्हते. आमच्या मुलाला आमच्या मुलासारखे मोजा, असे म्हणत होते.

तसे मोजायचे तर पहिली गोष्ट भाषेची. इंग्रजीत डिस्लेक्सिया चुकीच्या वाचनातून पटकन दिसतो, कारण इंग्रजीचे लिहिणे आणि बोलणे यांचा मेळ नाही. मराठी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. अशा लिपीत मूल बरोबर वाचते, पण फार सावकाश वाचते, आणि जोडाक्षरात अडकते. ते शोधायला घड्याळ लागते, इंग्रजीवरून उतरवलेल्या याद्या कामाच्या नाहीत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाची चाचणी काढली, तिच्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठी आहे. ही चांगली सुरुवात. पण मराठी म्हणजे कोणाची मराठी? आमच्या वस्तीवर 'पानी' आणि 'लोनी' म्हणतात. मूल ऐकते तसे 'पानी' लिहिते. कान नसलेला तपासनीस त्याला मेंदूचा दोष धरील. आणि दयाळू मास्तर उलट करील. 'भ'चा 'म' करणाऱ्या पोराला तो म्हणेल, बोलीभाषेतून आलाय, चालायचेच. पहिल्याने निरोगी मुलावर शिक्का बसतो, दुसऱ्याने अडलेले मूल तसेच पुढे ढकलले जाते. 'न' आणि 'ण' हा बोलीचा फरक आहे, 'भ' आणि 'म' हा नाही. हे ओळखायला बोली येणारी माणसे हवीत. मानसशास्त्राच्या पदवीला आपली मुले जातात, पण तालुक्याला परत येऊन हे काम करणारी अजून हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीही मला दिसली नाहीत.

बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निमगावहून एसटीने सकाळी जाऊन दुपारी परत येता येते, मजुरी एकाच दिवसाची बुडते. मराठीतून, आठवड्यातला एक दिवस ठरवून, ८५ ची अट न घालता वाचनाची तपासणी तिथे व्हावी ही मागणी संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. २०१८ च्या राजपत्राने दाखला आठव्या वर्षानंतर, आणि फेरतपासणी चौदाव्या व अठराव्या वर्षी सांगितली होती. ऊसतोडीच्या मुलीला चौदाव्या वर्षी कोणत्या गावी शोधायचे, हेही त्या मागणीत लिहावे लागेल. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत काम करणाऱ्या आपल्या वाचकांनी मागणीची वाट न पाहता एक वही सुरू करावी. पोरगा कोणती अक्षरे उलटतो, दहा ओळींना किती मिनिटे घेतो, तोंडी हिशेब येतो का, वर्षात किती महिने गावाबाहेर असतो, आणि त्याच्या पाठची बहीण वाचते का.